गव्हाचा वास

१

लिगाया गुरुवारी सकाळी गेली. शुक्रवारी शहरातल्या प्रयोगशाळेतून फोन आला, की तुमच्या इस्पितळातले नवे मास्क काहीच अडवत नाहीत. ते लावले काय आणि तोंडासमोर चाळणी धरली काय, सारखंच.

शनिवारी डॉक्टर ओलुमिदे माझ्या अंगणात येऊन उभे राहिले. पायरी चढले नाहीत. एप्रिल लागला होता तरी रस्त्याकडेला बर्फाचे काळे ढीग होते, त्यातल्या एका ढिगापलीकडून ते माझ्याशी बोलले. तेव्हा सगळे तसेच बोलायचे, भांडण झाल्यासारखे लांबून.

"टीनाबाई, तुमची मदत हवी आहे."

"मी गारपिटीची बाई. तुमच्या आजारातलं मला काय कळतंय?"

"आजारातलं मला कळतं. मला खोटं कोण बोलतंय ते कळत नाहीये."

पीकविम्याच्या कंपनीत मी जन्म काढला. गारांनी गहू झोपला म्हणून शेतकरी अर्ज करायचा आणि मी शेतात जाऊन ताटं हातात धरून बघायची. गारेनं मोडलेलं ताट वेगळं, टोळानं कुरतडलेलं वेगळं आणि स्वतःच्याच गुरांनी तुडवलेलं त्याहून वेगळं. आमच्या आल्टवीझे गावात मला अजून 'गारवाली टीना' म्हणतात. प्रेमानं नाही.

डॉक्टरांनी थोडक्यात सांगितलं. लिगाया माग्बानुआ ही पश्चिमेकडच्या वॉर्डातली नर्स. तिच्यासोबतच्या दोघी अजून तापानं फणफणलेल्या. तिघींनी देणगीत आलेले नवे मास्क लावले होते. इस्पितळाच्या देणगीनिधीचा प्रमुख कर्टिस केलर यानं विश्वस्तांपुढे सरळ मांडलं, की देणगीतले खरे मास्क भांडारातून बाहेर विकले गेले आणि त्यांच्या जागी बनावट भरले गेले. भांडाराची किल्ली एकाच माणसाकडे असायची, रोहेलियोकडे.

"रोहेलियो? लिगायाचा नवरा?" मी पायरी उतरले. "अहो, त्याची बायको गेलीय!"

"म्हणून तर कर्टिस म्हणतो, की बनावट मास्क चुकून तिच्या वाट्याला आला. सोमवारी पोलिसांना कळवायचं ठरलंय."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"चुकून नाही आला. तिला तो मास्क चांगला समजून त्यानं स्वतःच्या हातानं निवडून दिला. हे त्यानंच मला सांगितलं."

२

आमचं इस्पितळ म्हणजे मक्याच्या शेताला लागून असलेली एक बुटकी विटांची इमारत. सरकार पगार देतं. बाकीचं गाव देतं. खाटेवर नाव, खुर्चीवर नाव, कमोडच्या खुर्चीवरसुद्धा कुणाच्या तरी दिवंगत काकांचं नाव. फेब्रुवारीत साथीच्या बातम्या आल्या आणि गाव कामाला लागलं. कुणी तंबू दिला, कुणी काचेचे पडदे बसवून दिले, कुणी दोन व्हेंटिलेटर आणवले. हवा बाहेर खेचणारी खोली सुतारांनी फुकट बांधली. बायकांनी गाऊन शिवले. आमची माणसं बोलायला रूक्ष, पण देताना हात आखडत नाहीत, हे मलाही कबूल करावं लागतं.

माझी थोरली बहीण आगाथा इस्पितळाच्या सेवामंडळाची म्होरकी. ऐंशी ओलांडली तरी पाठ ताठ. मंडळातल्या म्हाताऱ्या गावातून आलेलं सगळं दान आधी चर्चच्या तळघरात नेऊन स्वतः नीट करतात; धुतात, शिवतात, इस्त्री करतात आणि मगच पुढे पाठवतात. मळकी वस्तू दिली तर घेणाऱ्याचा अपमान होतो, असं आमच्यात मानतात. केलेल्या कामाचा गवगवा केला तर ते केलंच नाही, असंही मानतात. आगाथा तर धुण्याच्या बाबतीत राक्षसीण. 'धुऊ नका' हे शिंप्यांचं थोतांड आहे असं तिचं ठाम मत. माझी लोकरीची टोपी तिनं अशीच धुतली आणि बाहुलीच्या मापाची करून परत दिली.

"स्वच्छ तर झाली ना?" वर मलाच विचारलं.

डॉक्टरांनी मला हातमोजे घालायला लावून भांडारात नेलं. एका फळीवर पिवळट पडलेली खोकी होती. मागल्या एका फ्लूच्या वेळी घेतलेले जुने मास्क, मुदत कधीच उलटून गेलेली. पूर्वेकडच्या वॉर्डाला यातले दिले होते.

"त्यांनी कुरकुर केली असेल," मी म्हणाले.

"कुरकुर? एकीनं तर मला तोंडावर सुनावलं, पश्चिमवाल्या तुमच्या लाडक्या आणि आम्ही काय सावत्र?"

"आणि त्यांच्यातलं कुणी आजारी?"

"अजून तरी कुणीच नाही."

दुसऱ्या फळीवर नवी देणगी. विल्फ उंगरच्या धान्यकोठारातून आलेली. गहू भरताना इतकी धूळ उडते की तिथली माणसं बारा महिने हेच मास्क लावतात; विल्फनं आपला सगळा साठा इस्पितळाला दिला होता. कर्टिसनं त्याचा फोटो काढून गावच्या साप्ताहिकात छापूनही आणला होता.

मी एक मास्क उचलून तिरप्या उजेडात धरला. पांढराशुभ्र. घडी नाही, डाग नाही. फक्त दोन्ही कडांना, अगदी बाहेरच्या बाजूला, एकेक लहानशी चेपल्याची खूण. दुसरा घेतला, त्यालाही तशीच. तिसऱ्यालाही. मग मी डॉक्टरांकडे न बघता, बोटभर अंतर ठेवून, तो नाकाखालून फिरवला.

माझा नवरा विल्फच्या बापाकडे कामाला होता. तो जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्याच्या कोटाला अजून गव्हाच्या धुळीचा वास येतो. कोठारातून आलेली कुठलीही वस्तू तो वास सोडत नाही. या मास्कना मात्र तो वास नव्हता. साबणासारखं काहीतरी किंचित गोडसर येत होतं, बस्स.

"डॉक्टर," मी म्हणाले, आणि मला ते म्हणताना बरं वाटलं नाही, "हे विल्फच्या कोठारातून आलेले दिसत नाहीत."

३

म्हणजे कर्टिस खरं बोलत होता. मी तिथूनच रोहेलियोच्या घराकडे निघाले.

तो आणि त्याची लेक घरात कोंडलेली. मी अंगणातून खिडकीवर टकटक केली. पायरीवर एक टोपली होती, वर पांढरं फडकं सेफ्टी पिनांनी टाचलेलं. आतून ताज्या पावांचा वास येत होता.

रोहेलियोनं खिडकी बोटभर उघडली. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"कोण ठेवतं कळत नाही, ताई," टोपलीकडे बघत तो म्हणाला. "रोज असते. एका हातानं खायला देतात आणि दुसऱ्या हातानं चोर म्हणतात."

"मला नीट सांग. खोकी आली तेव्हा कशी होती?"

"बंद. चिकटपट्टी सरळ, कोपरे दुमडलेले. आत थरांच्या मध्ये पातळ कागद. मी लिगायाला म्हटलं, इकडची माणसं मास्कसुद्धा लग्नाच्या आहेरासारखे बांधतात."

"ती चिकटपट्टी कारखान्याची होती?"

त्यानं आठवायचा प्रयत्न केला. "रुंद होती, पांढरी. मला वाटलं, इथली पद्धत असेल. इथल्या पद्धती मला कुठं सगळ्या ठाऊक आहेत?"

"नवे मास्क पश्चिमेला आणि जुने पूर्वेला, हे कुणी ठरवलं?"

"मी." मागे कुठेतरी लेक टीव्ही बघत होती, कार्टूनमधले हसण्याचे आवाज येत होते. "पश्चिमेला आजारी माणसं जास्त येणार होती. तिथं चांगले हवेत. आणि तिथं लिगाया होती. नवरा आहे मी, ताई. मुदत गेलेला मास्क बायकोला कसा देईन?"

"सोमवारी पोलीस येतील."

"येऊ देत. इथं राहायचा कायमचा परवाना अजून हातात नाही. आरोप लागला की मला परत पाठवतील. पोरगी इथं जन्मली, तिला आमच्या देशातली भाषासुद्धा येत नाही." हे तो दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं सांगत होता. मग एकदम खिडकीच्या फटीला तोंड लावून म्हणाला, "चोर कोण ते नका सांगू मला. एवढंच शोधून काढा. मी तिला काय दिलं? माझ्या या हातांनी मी तिला काय दिलं?"

मी आयुष्यात पुष्कळ खोटं रडणं पाहिलं आहे, पिकं आडवी झालेल्या शेतांच्या बांधावर. हे तसलं नव्हतं.

४

विल्फ उंगर कोठाराच्या उतारावर ट्रॅक्टरचं काहीतरी खोलून बसला होता. मला बघून त्यानं टोपी मागे सारली.

"काय गं गारवाले, आता कुठली गार पडली?"

"तुझ्या देणगीवर पडलीय. मला सांग, तू दिलेले मास्क कसे होते?"

त्याचा चेहरा पडला. गावचा श्रीमंत माणूस, पण क्षणभर शाळेतल्या पोरासारखा दिसला. "मला ठाऊक होतं कुणीतरी विचारणार. माल चांगला होता, टीने. कंपनीचा, उत्तम. पण ठेवला होता वरच्या माळ्यावर. खोकी फुटलेली, धूळ बसलेली. उंदरांनी पण..." त्यानं हात हवेत हलवला. "कर्टिसला मी आधीच म्हटलं, बाबा रे, असलं द्यायला मला लाज वाटते. तो म्हणाला, द्या हो, बघू आपण."

"बघू म्हणजे काय?"

"ते त्यालाच विचार. फोटोत मात्र खोकी झकास दिसत होती. मला वाटलं, खोकी बदलली असतील."

"फोटो कधी काढला?"

"मार्चमधल्या एका बुधवारी, इस्पितळाच्या दारात. माल त्यानं त्याआधीच्या शुक्रवारीच नेला होता."

"मग शुक्रवारपासून बुधवारपर्यंत माल कुठं होता?"

विल्फनं पाना खाली ठेवला. "हे मला कुणी विचारलंच नाही. मी पण नाही विचारलं." मग हळूच म्हणाला, "त्या पोरीच्या मरणाला मी कारण आहे का, टीने?"

मी गाडीकडे वळले. एक गोष्ट कळली होती. इस्पितळाच्या भांडारात शिरायच्या आधीच पाणी कुठेतरी मुरलं होतं, आणि तेव्हा किल्ली रोहेलियोकडे नव्हती.

५

कर्टिस केलर मला देणगीदारांच्या भिंतीपाशी भेटला. पितळी पानांचं एक झाड आहे तिथं, पानापानावर नावं. कर्टिस चाळिशीचा, गोरागोमटा, कायम आत्ताच आंघोळ करून आल्यासारखा.

"टीनामावशी, तुम्ही कशाला या थंडीत पायपीट करताय? सोमवारी पोलीस बघतील की."

"पोलिसांना गव्हाचा वास कळत नाही. पाच दिवस माल कुठं होता?"

"माझ्या गॅरेजमध्ये." उत्तर फार पटकन आलं. पटकन आलेल्या उत्तरांवरून मी किती अर्ज फेटाळले आहेत त्याची गणती नाही.

"मळका माल गॅरेजमध्ये आपोआप स्वच्छ झाला?"

"मी पुसला थोडा." त्यानं आवाज खाली आणला. "मावशी, ऑक्सिजनच्या यंत्रासाठी अजून देणग्या यायच्यात. त्या आल्या नाहीत तर पुढच्या महिन्यात माणसं गुदमरून मरतील. आपल्या देणगीत खोट होती अशी कुजबुज जरी झाली, तरी लोक हात आखडतील. तुम्ही आपल्यातल्या आहात. आपली माणसं असं काही करत नाहीत."

"आणि रोहेलियो कुणाचा आहे?"

त्यानं पितळी झाडाच्या एका पानावरचा बोटाचा पुसट ठसा रुमालानं पुसला.

गाडीत बसून मी डॉक्टरांनी दिलेल्या क्रमांकावर फोन लावला. प्रयोगशाळेतला तो माणूस थकलेला होता.

"बनावट?" तो म्हणाला. "आम्ही कुठं बनावट म्हटलं? काही अडवत नाहीत, एवढंच कळवलं. मास्क अस्सल आहेत. तुमच्याकडून ताडून बघायला जुने पिवळ्या खोक्यातले आले होते ना, त्याच कंपनीचे. ते जुने तर उत्तम आहेत, नव्यासारखे अडवतात."

"मग नव्यांना काय झालं?"

"आतल्या लोकरीसारख्या थरात विजेचा भार असतो, बाई. कपड्याला केस चिकटतो तसे जंतू त्याला चिकटतात. तो भार गेला की राहतं नुसतं फडकं. दिसायला काही फरक पडत नाही."

"आणि तो जातो कशानं?"

"साबणाच्या पाण्यानं. स्पिरिटनं तर हमखास," तो म्हणाला. "कुणीतरी हे मास्क धुतलेत."

मी फोन ठेवला आणि काचेपलीकडे बघत बसले. कारखान्याची नसलेली पांढरी चिकटपट्टी. थरांमधला कागद. सेफ्टी पिनांनी टाचलेलं फडकं. गावात कुठल्या घरापाशी जायचं ते मला गाडी सुरू करायच्या आधीच कळलं होतं, आणि मी देवाला म्हटलं, एवढं एक खोटं निघू दे.

६

आगाथा परसात धुणं वाळत घालत होती. थंडी असो, वारा असो, आमच्याकडच्या जुन्या बायका दोरीवरच वाळवतात. कपडे फळीसारखे कडक होतात आणि मग घरात आणून मऊ करतात. ती बशा पुसायची फडकी लावत होती.

मी कुंपणाशी थांबून बघत राहिले. एक फडकं तिनं दोरीवर धरलं, दुसऱ्याची कड त्याच्या कडेवर चढवली आणि दोन्हींवर मिळून एक चिमटा लावला. मग तिसऱ्याची कड दुसऱ्याच्या दुसऱ्या कडेवर, पुन्हा एकच चिमटा. चिमटे कमी लागावेत म्हणून आईनं आम्हाला असंच शिकवलं होतं. असं वाळवलेल्या प्रत्येक कपड्याच्या दोन्ही कडांवर चिमट्याची चेपलेली खूण उठते. प्रत्येकाच्या.

"आलीस?" न वळता ती म्हणाली. "घोड्यासारखी धापा टाकतेस. आत ये म्हणणार नाही, डॉक्टरनं बंदी केलीय. कॉफी हवी तर पायरीवर ठेवते."

"आगाथा, विल्फचे मास्क चर्चच्या तळघरात आले होते का?"

ती वळली. चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचा भाव होता, पण तो लाजरा, गोड. चांगलं काम उघडकीला आल्यावर माणसाचा होतो तसा. "कुणी सांगितलं तुला? आम्ही कुणालाच बोललो नव्हतो. कर्टिसलासुद्धा म्हटलं, तू बघितलं नाहीस असं समज."

"कर्टिसनं बघितलं?"

"न्यायला आला तेव्हा दोऱ्यांवरच होते ना. त्याची आईपण होती आमच्यात. अगं, काय अवस्था होती म्हणून सांगू! उंदरांच्या लेंड्या! तसलं का त्या पोरींच्या तोंडाला लावायचं? आम्ही कोमट पाण्यात साबण घालून एकेक हातानं चोळला. वरून स्पिरिट मारलं, जंतू मरावेत म्हणून. किती स्वच्छ निघाले! आणि प्रत्येक मास्क दोरीवर लावताना म्हटलं, देवा, जी हा लावेल तिला सांभाळ."

मला तिच्या हातातली धुण्याची टोपली घ्यावीशी वाटली, तिला आत नेऊन निजवावंसं वाटलं, आणि पळून जावंसंही वाटलं. गप्प राहिले असते तर? कर्टिस गप्पच होता. ऐंशी वर्षांच्या बाईला हे कळून आता काय फायदा? पण मग रोहेलियोच्या लेकीला उद्या कुठल्या विमानात बसवतील ते मी रोज आठवत बसले असते.

"बोल ना गं," आगाथा म्हणाली. "काय झालं? नीट धुतले नव्हते का?"

"नीट धुतले होते," मी म्हणाले. "तेच झालं."

मी तिला सगळं सांगितलं. विजेच्या भाराचं सांगितलं, केस चिकटण्याचं सांगितलं. शेवटी तिनं दोरीवरचं एक फडकं चिमट्यासकट ओढून काढलं आणि त्याकडे बघत राहिली, त्यावर काही लिहिलेलं असावं तशी.

"मी मारलं तिला," ती म्हणाली.

"तुला माहीत नव्हतं."

"ती मेलीच ना." मग एकदम तिचा आवाज बदलला, मला लहानपणी दटावायची तसा. "आणि तो पोरगा? त्याला चोर म्हणतायत ना? थांब, कोट घालून येते."

७

विश्वस्तांना मी त्याच संध्याकाळी फोनवर एकत्र आणून सांगितलं. फार बोलावं लागलं नाही. वास, चिमट्याच्या खुणा, चिकटपट्टी, जुने मास्क लावणाऱ्या पूर्वेच्या नर्सांचं धडधाकट असणं, आणि प्रयोगशाळेतल्या माणसाचं म्हणणं. कर्टिसनं आधी नाकारलं. मग मी त्याच्या आईचं नाव घेतलं तेव्हा तो रडायला लागला.

"प्रयोगशाळेचा निरोप आला तेव्हाच माझ्या लक्षात आलं," तो म्हणाला. "पण आईचं नाव कसं घेऊ? त्या सगळ्या म्हाताऱ्या बायका..."

"म्हणून तू परका माणूस पुढे केलास," डॉक्टर ओलुमिदे म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. ते स्वतः या गावात सात समुद्रांपलीकडून आलेले. सोमवारी पोलिसांना बोलवायचं रद्द झालं. कर्टिसनं राजीनामा दिला. धुण्यामागे कुणाचा वाईट हेतू नव्हता असं विश्वस्तांनी लिहून ठेवलं, आणि त्यानं कुणालाच बरं वाटलं नाही.

पण त्याआधी, त्याच दुपारी, मी आगाथाला रोहेलियोच्या घरी घेऊन गेले होते. मी नको म्हणत होते. ती गाडीत मागे बसली, तोंडाला स्वतः शिवलेलं, टोपलीवर होतं तसलंच पांढरं फडकं बांधून.

पायरीवर सकाळची टोपली तशीच होती. तिनं ती बाजूला सरकवली आणि काचेसमोर उभी राहिली. रोहेलियो आतून आला.

"तुम्ही," टोपलीवरच्या आणि मग तिच्या तोंडावरच्या फडक्याकडे बघत तो म्हणाला. "तुम्ही ठेवता होय, आजी?"

"बाळा, मास्क मी धुतले," आगाथा म्हणाली. काच बंद होती म्हणून तिला मोठ्यानं बोलावं लागलं, जवळजवळ ओरडून, आणि शेजारच्या घराचा पडदा हलला. "तू काही केलं नाहीस. मी धुतले. घाण होते म्हणून धुतले. धुतल्यानं त्यांच्यातला जीव गेला. मला ठाऊक नव्हतं. तुझी बायको माझ्यामुळे गेली."

त्याला कळलं की नाही असं मला वाटायला लागलं. मी पुढे होऊन सांगितलं की आज संध्याकाळीच विश्वस्तांना सगळं सांगते, मग पोलीस येणार नाहीत, आरोप राहणार नाही, परवान्याला धक्का लागणार नाही. त्यानं मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"साबणाचा वास होता," तो म्हणाला.

"हो."

"जुन्या खोक्यांना कुबट वास यायचा. म्हणून मी तिला ते दिले नाहीत." त्याचा श्वास काचेवर उमटला. "ते जुने चांगले होते का, ताई?"

हा प्रश्न मला होता. मी खोटं बोलू शकले असते. जन्मभर दुसऱ्यांचं खोटं पकडल्यावर मला स्वतःला ते साधलं नाही.

"चांगले होते," मी म्हणाले.

त्यानं डोळे मिटले. मग आगाथाकडे बघून बोलला, आणि त्याच्या बोलण्यात राग असता तर मी देवाचे आभार मानले असते.

"पहिल्या दिवशी लावून बघितला तेव्हा ती म्हणाली होती, रोहेल, हा बघ किती मऊ आहे. कुणीतरी फार मायेनं दिलेला दिसतो."

रोहेलियोनं हळूच पडदा ओढून घेतला. आम्ही दोघी कितीतरी वेळ त्या पडद्यावरच्या फुलांकडे बघत उभ्या होतो. शेवटी मीच तिचा दंड धरून तिला गाडीत बसवलं. तिला हात लावायचा नाही हे माझ्या लक्षातही राहिलं नाही.

ऑक्सिजनचं यंत्र पुढे आलं. विल्फनं एकट्यानं आणवलं आणि पाटी लावू दिली नाही. पूर्वेकडच्या वॉर्डानं शेवटपर्यंत पिवळी खोकी वापरली, आता कुणी कुरकुरलं नाही. जूनमध्ये रोहेलियो लेकीला घेऊन शहरात गेला. जाताना कुणाचा निरोप घेतला नाही, आणि घ्यावा असं त्याच्या तोंडावर म्हणायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

त्या शनिवारनंतर पहिलाच सोमवार आला, मोठ्या धुण्याचा दिवस, तेव्हा मी आगाथाच्या घरावरून गेले. परसात दोरी रिकामी होती. चिमट्यांची पिशवी तिच्या एका टोकाला लटकत होती. आकाश निरभ्र होतं आणि दक्षिणेकडून कोरडा वारा सुटला होता. अशा वाऱ्यात चादरी तासाभरात वाळतात.